दहा भागांचें हंसूं

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आमच्या पिढीच्या तोंडीं अलीकडे फार वेळां येऊं लागली आहे. पालकांशीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला, कीं मुलाच्या अभ्यासाची चौकशी संपतांच बोलणें हळूहळू जुन्या दिवसांकडे वळतें. आमच्या लहानपणीं दूरदर्शनची एकच वाहिनी होती. एक संच साऱ्या आळीला पुरत असे. मालिका आठवड्यांतून एकदांच लागे. आणि तरीही तिच्यांत जी गोडी होती ती आजच्या शेंकडों वाहिन्यांत नाहीं, असें सांगतां सांगतां त्यांचा चेहरा खुलतो. शेजारीं उभीं असलेलीं मुलें हें सारें मुकाट्यानें ऐकून घेतात. या बोलण्याचा शेवट ‘नाहीं तर तुम्ही!’ या उद्गारानें व्हावयाचा, हें त्यांस अनुभवानें ठाऊक असतें.

गेलेल्या दिवसांची आठवण गोड वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु सोनार सोनें घेतांना विकणाराच्या शब्दावर विसंबत नाहीं. तो तें कसोटीवर घांसून पाहतो. आपल्या आठवणींचें सोनेंही एकदां असें घांसून पाहावें, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं एक लहानशी, अल्पायुषी आणि आतां अर्धीअधिक विसरली गेलेली विनोदी मालिका आम्ही कसोटी म्हणून घेत आहों. तिचें नांव ‘फ्लॉप शो’.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांनीं हें नांव ऐकलें असेल. म्हणून तिची ओळख करून देणें अवश्य आहे. ही हिंदी मालिका १९८९ सालीं दूरदर्शनवर दाखविली गेली. तिचे भाग अवघे दहा. त्याच काळांत दूरदर्शनवर ‘महाभारत’ चालू होतें. त्यांत रथ होते, मुकुट होते, शंखांचे नाद होते, आणि तें पाहावयास सारा देश आपलें काम टाकून बसत असे. ‘फ्लॉप शो’पाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. एखादी कचेरी, एखादी बैठकीची खोली, चार खुर्च्या आणि चार माणसें, एवढ्याच भांडवलावर तिचा खेळ उभा राही. नांवापासूनच विनोदाला आरंभ होई. कारण आपल्या खेळास जगानें फसलेला म्हणण्यापूर्वींच कर्त्यानें तसें स्वतः म्हणून टाकलें होतें.

हे कर्ते म्हणजे जसपाल भट्टी. त्यांचा जन्म ३ मार्च १९५५ रोजीं अमृतसर येथें झाला. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजांतून त्यांनीं विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी घेतली; परंतु विजेच्या तारांपेक्षां माणसांच्या स्वभावांतील वक्रता त्यांस अधिक आकर्षक वाटली असावी. कॉलेजांत असतांनाच त्यांनीं ‘नॉनसेन्स क्लब’ या नांवानें रस्त्यावरचीं उपहासपर नाटकें केलीं. पुढें ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्रांत त्यांनीं व्यंगचित्रें काढलीं, आणि ‘उलटा पुलटा’ या नांवाचे छोटे छोटे विनोदी प्रवेश दूरदर्शनवर सादर केले. त्यानंतर आला ‘फ्लॉप शो’. त्यांच्या पत्नी सविता भट्टी या मालिकेच्या निर्मात्या होत्या आणि तींत पत्नीची भूमिकाही त्याच करीत. विवेक शौक हे त्यांचे आणखी एक गुणी सहकारी.

प्रत्येक भागाचा विषय स्वतंत्र असे. एका भागांत औषधपाण्याचीं खोटीं बिलें करून सरकारी तिजोरींतून पैसे उकळणारे नोकर, दुसऱ्यांत ठेकेदार आणि त्यांच्याशीं संगनमत करणारे अभियंते, तिसऱ्यांत टेलिफोन खात्याचा कारभार, चौथ्यांत बैठकींवर बैठकी भरवून दिवस घालविणारे अधिकारी, पांचव्यांत पीएच. डी.च्या विद्यार्थ्याकडून घरचीं कामें करून घेणारे मार्गदर्शक प्राध्यापक. ज्यांची खोडी काढावयाची त्यांसच तो भाग आरंभीं मोठ्या नम्रतेनें अर्पण केला जाई, आणि शेवटीं एखाद्या लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर त्याच विषयाचें विडंबनगीत म्हटलें जाई. मधल्या वेळांत भट्टी क्वचितच हंसत. अत्यंत गंभीर, किंबहुना थोड्या कंटाळलेल्या मुद्रेनें ते असे कांहीं बोलत, कीं पाहणाऱ्यांची हंसून मुरकुंडी वळे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रसार भारती हें स्वायत्त मंडळ १९९७ सालीं अस्तित्वांत आलें; १९८९ मध्यें दूरदर्शन हें निव्वळ सरकारी खातें होतें. म्हणजे सरकारच्याच पडद्यावर सरकारी कचेऱ्यांतील गैरकारभाराचें हंसें होत होतें, आणि त्या कचेऱ्यांत काम करणारे हजारों गृहस्थ सायंकाळीं घरीं येऊन तें मुलांबाळांसह पाहत होते. प्रस्तुत लेखकानें ही मालिका शाळकरी वयांत पाहिली. त्या वयांत तींतील निम्मे विनोद समजले नाहींत. परंतु वडील मंडळी कोणत्या वाक्याला मोकळेपणानें हंसतात आणि कोणत्या वाक्याला चोरट्या नजरेनें एकमेकांकडे पाहून मग हंसतात, एवढें मात्र लहान मुलालाही दिसत असे.

आतां आपली कसोटी लावून पाहूं. आमच्या पिढीचें म्हणणें असें, कीं तो काळ सरळ होता, माणसें भोळीं होतीं, लबाडी आतां वाढली. परंतु ज्या मालिकेची आठवण काढून आपण हें म्हणतों, ती मालिकाच आपल्याविरुद्ध साक्ष देते! लोक सरळ होते तर खोट्या बिलांवर रचलेला विनोद देशभर समजला कसा? ज्या गोष्टीचा अनुभव नाहीं तिचा विनोद कोणास कळत नाहीं. हंसूं आलें, याचाच अर्थ त्या कचेऱ्या, ते ठेकेदार, तीं बिलें प्रत्येकाच्या परिचयाचीं होतीं. टेलिफोनचीच गोष्ट घ्या. १९९१ सालीं सुमारें ८४ कोटी लोकांच्या या देशांत टेलिफोनच्या जोडण्या सुमारें ५० लाख होत्या. म्हणजे हजार माणसांमागें सहा. जोडणीसाठीं अर्ज करून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत, आणि ती मिळाली तरी यंत्र बोलेलच असा भरंवसा नसे. आज ज्या मुलांस आपण भ्रमणध्वनीवरून रागें भरतों, त्यांना सांगण्याजोगें सुवर्णयुग तें खास नव्हतें.

म्हणून पालकांस आमची पहिली विनंति ही, कीं जुन्या मालिकांची आठवण अवश्य काढावी. पण तिचा उपयोग मुलांस हिणविण्याकडे करूं नये. ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. पुष्कळदां तें तसेंच होतें. फक्त आपण तेव्हां लहान होतों, आणि त्याची झळ आपल्यापर्यंत येऊं न देणारीं वडील माणसें आपल्यापुढें उभीं होतीं. ज्या दिवसांस आपण निर्मळ म्हणतों, त्या दिवसांची निर्मळता बहुधा आपल्या बालवयाची असते.

मग त्या मालिकेसाठीं मन हळहळतें, तें अगदींच व्यर्थ काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. कांहीं तरी मोलाचें खरोखरच हातचें गेलें आहे. परंतु तें काय, हें आपण चुकीचें ओळखतों. गेला तो भोळेपणा नव्हे. गेली ती आपल्यालाच हंसण्याची तयारी.

हास्याचे दोन प्रकार आहेत. एक हास्य दुसऱ्याच्या व्यंगावर पोसलें जातें. कोणी बोबडा, कोणी लठ्ठ, कोणी काळा, कोणी खेडवळ. त्यास पुढें उभें करावयाचें आणि आपण सुरक्षित अंतरावर बसून हंसावयाचें. अशा हास्यानें हंसणाऱ्यास आपण मोठे झाल्याचा भास होतो, आणि ज्यास हंसलें जातें त्याचें काळीज जळतें. शाळेच्या पटांगणावर हें हास्य कधीं कधीं ऐकूं येतें, आणि दूरचित्रवाणीच्या कित्येक विनोदी कार्यक्रमांत तर तेंच मुख्य पक्वान्न म्हणून वाढलें जातें. दुसरें हास्य आरशांत पाहून हंसण्यासारखें असतें. भट्टी बहुतेक भागांत मध्यवर्ती भूमिका स्वतः करीत. आणि ती भूमिका सज्जन सुधारकाची नसे. लांच, वशिला किंवा आळस यांत सुखानें नांदणारा जो कोणी असेल, तो ते स्वतः होत. व्यासपीठावर चढून त्यांनीं लोकांस उपदेश केला असता, तर लोकांनीं टाळ्या वाजवून तो विसरून टाकला असता. त्यांनीं लोकांच्या रांगेंत उभें राहून म्हटलें, ‘पाहा, आपण असे दिसतों.’

आपल्या मराठीलाही हें हास्य अपरिचित नाहीं. बडोद्यास पालीचें अध्यापन करणारे विद्वान चिं. वि. जोशी यांनीं चिमणराव निर्माण केला, तो याच जातीचा. चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो, आणि ती ऐकतांना आपल्या घरच्या दहा गोष्टी वाचकास आठवतात. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शननें त्यांस पडद्यावर आणलें. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. तें पाहिलेल्या आजीआजोबांस विचारा. चिमणरावाला हंसतांना आपण कोणा परक्याला हंसत आहों, असें त्यांस एकदांही वाटलें नसेल.

आतां थोडें आमच्या स्वतःच्या अंगणांत येऊं. पीएच. डी.चा तो भाग आम्हां शिक्षकांच्या व्यवसायावरच होता. विद्या देणाराच्या हातीं विद्यार्थ्याचें भवितव्य असतें. त्या सत्तेचा उपयोग करून जो भाजी आणवितो, दळण आणवितो, तो विद्येचा व्यापारही करीत नाहीं. कारण व्यापाऱ्याला निदान माप तरी भरून द्यावें लागतें. हा भाग पाहून जो शिक्षक रागावेल त्यानें आपण कां रागावलों याचा विचार करावा, आणि जो हंसेल त्यानेंही थोडा करावा.

परंतु केवळ शिक्षकांचीच झडती घेऊन पालक आणि विद्यार्थी यांस मोकळे सोडणें न्यायाचें होणार नाहीं. औषधपाण्याच्या खोट्या बिलांच्या भागास आज पस्तीसांहून अधिक वर्षें झालीं. त्या बिलांना हंसलेलीं मुलें आतां स्वतः आईबाप झालीं आहेत. आणि आज कोणत्याही शाळेच्या दप्तरांत पाहावें, तों सुट्टी संपल्यावर चार दिवस उशिरां आलेल्या मुलाच्या हातीं डॉक्टरांचें प्रमाणपत्र असतें. मुलाला ताप होता असें त्यांत लिहिलेलें असतें, आणि मूल मैत्रिणीला मामाच्या लग्नाची गंमत सांगत असतें. तीच गोष्ट प्रकल्पांची. थर्माकोलचा सुबक किल्ला, रंगविलेलें धरण, फिरणारी पवनचक्की. सारें बाजारांत तयार मिळतें, आणि त्याखालीं इयत्ता पांचवीच्या विद्यार्थ्याचें नांव घातलेलें असतें. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण फार जुनी आहे. पण कपाटांत ठेवून गंज चढावा इतकी ती अजून निरुपयोगी झालेली नाहीं.

यांत मुलांचा दोष सर्वांत कमी. लग्नाला गेलों होतों, असें खरें सांगितलें तर एखाद्या दिवसाची गैरहजेरी लागेल. यापलीकडे आकाश कोसळत नाहीं. परंतु आपल्या देखत आईबापांनीं खोटा ताप विकत घेतलेला मुलानें पाहिला, कीं त्याच्या मनांत एक धडा कायमचा उमटतो, आणि तो पुसण्याचें सामर्थ्य आमच्या नीतिपाठाच्या तासाला नाहीं. हेंच मूल उद्यां कचेरींत बसेल तेव्हां खोटें बिल त्यास नवें वाटणार नाहीं; बाळपणींच त्याचा सराव झालेला असेल.

कोणी म्हणेल, ‘हंसून जग सुधारतें काय? ती मालिका झाली, भट्टी नांवाजले गेले, आणि खोटीं बिलें चालूच राहिलीं.’ हा आक्षेप खोटा नाहीं. टेलिफोन सर्वांस मिळूं लागले ते नव्या यंत्रांमुळें आणि बदललेल्या धोरणांमुळें, विडंबनगीतांमुळें नव्हे. परंतु यंत्रानें रांग नाहींशी होते, खोटेपणा नाहींसा होत नाहीं. पूर्वीं बिल कागदावर खोटें होतें, आतां तें संगणकावर सुबक अक्षरांत खोटें होतें. तेथें मनुष्याच्या लाजेवांचून दुसरा पहारेकरी नाहीं. आणि ती लाज जागी ठेवण्याचीं जीं थोडीं साधनें आहेत, त्यांत आपल्यालाच हंसूं येणें हें एक आहे. ज्या गोष्टीस आपण काल मनापासून हंसलों, ती आज स्वतः करतांना हात थोडा तरी अडखळतो. विनोदाचें काम एवढेंच. पुढचें काम ज्याचें त्यानें करावयाचें असतें.

विद्यार्थिमित्रांनो, आणखी एक गोष्ट तुमच्यासाठीं. दहाच भागांत संपलेली मालिका म्हणजे अयशस्वी मालिका, असें तुम्हांस वाटेल. आज कित्येक मालिका हजारों भाग चालतात, आणि चित्रफितीला किती जणांनीं पसंती दिली यावरून तिची किंमत ठरते. परंतु लांबी म्हणजे उंची नव्हे. दहा भागांत सांगण्याजोगें होतें तें सांगून झालें, आणि आज इतक्या वर्षांनीं त्याविषयीं लिहावेंसें वाटतें. हजारों भागांच्या कथेंतील कोणाचें कोणाशीं लग्न झालें, हें मात्र दुसऱ्या वर्षीं आठवत नाहीं. तुमच्या निबंधाच्या वहीलाही हाच न्याय लागू आहे, हें जातां जातां सांगून ठेवतों.

भट्टी यांनीं पुढेंही आपला मार्ग सोडला नाहीं. वीज वारंवार जाण्यावर त्यांनीं ‘पॉवर कट’ नांवाचा पंजाबी चित्रपट केला. त्याच्या प्रचारासाठीं प्रवास करीत असतां २५ ऑक्टोबर २०१२ रोजीं पहाटे जालंधर जिल्ह्यांतील शाहकोटजवळ मोटारीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. दुसऱ्याच दिवशीं तो चित्रपट प्रकाशित व्हावयाचा होता. विवेक शौक त्यापूर्वींच, २०११ सालीं, निवर्तले होते. २०१३ मध्यें भारत सरकारनें भट्टींना मरणोत्तर पद्मभूषण दिलें. ज्या सरकारी कारभाराची त्यांनीं जन्मभर थट्टा केली, त्याच सरकारनें त्यांचा गौरव केला, ही गोष्ट उभयतांस भूषणावह आहे.

या मालिकेचे भाग आज महाजालावर पाहावयास मिळतात. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टींत एखाद्या सायंकाळीं घरांतील सर्वांनीं आपापले पडदे बाजूस ठेवून एकाच पडद्यासमोर बसावें आणि एक भाग पाहावा. मुलांस कांहीं संदर्भ कळणार नाहींत; ते आईबापांनीं समजावून द्यावे. तेवढ्यानें ‘नाहीं तर तुम्ही!’ याऐवजीं ‘आम्हीही असेच होतों’ असें बोलण्यास आरंभ होईल, आणि तें ऐकतांना मुलें मान खालीं घालून उभीं राहणार नाहींत. जवळ सरकून बसतील.

भाग संपल्यावर मात्र पडदा लगेच दुसरीकडे वळवूं नये. आपल्या घराविषयीं जर अकरावा भाग लिहिला गेला, तर तो कोणास अर्पण करावा लागेल, याचा एकेकानें विचार करावा. आधीं वडिलांनीं स्वतःचें नांव घ्यावें, मग आईनें, मग मुलांनीं. ज्या घरांत हा खेळ हंसतखेळत पार पडेल, त्या घरांतून पुढल्या वर्षीं शाळेंत एक खोटें प्रमाणपत्र कमी येईल, अशी आमची खात्री आहे.